जोडीदाराची चिठ्ठी

मेयोच्या अठरा नंबरच्या दारावर रोगाचं नाव लिहिलेलं नाही.
नुसतं 'सुरक्षा', आणि खाली एक बाण,
तोही कोणीतरी नखाने खरवडलेला.
शालिक शिपाई म्हणतो, असू द्या मॅडम,
बाण पाहून लोक पुढे निघून जात होते,
आता निदान विचारत विचारत येतात.

चौदा वर्षं मी या टेबलामागे.
कुलर गळतो, रजिस्टरची कड फुगली आहे.
खणातला लाकडी नमुना शालिकने
जुन्या पायमोज्यात घालून ठेवलाय.
कपाटात रंग: राखाडी, हिरवा, पांढरा,
निळा, लाल, पिवळा, काळा.
इथे औषध रंगाने मागायचं.
नाव घेताना माणसं चपलेकडे बघतात.

भोजराज निखाडे, कापसीच्या ट्रक-अड्ड्यावरून.
"गरमीनं झालं, बाई. इंजिनजवळ बसतो ना दिवसभर."
मी म्हटलं, इंजिनला कशाला नावं ठेवता,
ते बिचारं डिझेलवर चालतं.
हसला. हसला की अर्धं काम झालं.
राखाडी डबा फोडला, गोळ्या माझ्यासमोर घेतल्या,
सात दिवसांचं पथ्य सांगितलं,
मग चिठ्ठी.

चिठ्ठीवर एक आकडा, खोली, दोन वाजेपर्यंतची वेळ.
बाकी कोरी, हेच तिचं शहाणपण.
"कोणाले देऊ?"
तुझ्यामुळे जिला त्रास होईल, तिला.
टोलच्या पावत्यांत त्याने ती खुपसली.
दहा देते मी, तीन परत येतात.
उरलेल्या धुण्यात विरघळत असतील,
नाहीतर पानठेल्यावर खर्रा बांधत असतील.

बुधवारी नंदनवनच्या शाळेत, नववी ब.
सरांनी मुलींना कवायतीला धाडलं, मार्चच्या उन्हात.
बुटांच्या खोक्याला चीर पाडून केलेली प्रश्नपेटी:
'टॉवेलने होतो का?' 'एकदाच केलं तरी?'
'माझ्या काकाला झालं. त्याचं ताट आता
अंगणात ठेवतात. बरोबर आहे का?'
हे शेवटचं मी आधी घेतलं.
ताट आत घ्या, म्हटलं. आजच.
खिडकीच्या गजांशी बाहेरून पाच-सहा वेण्या आल्या होत्या.
मी आवाज चढवला.

नवव्या दिवशी चिठ्ठी आली,
घामाने मऊ, आकडा अर्धा पुसलेला.
आणणारी भोजराजची बायको नव्हती.
इतवारीमागच्या गल्लीतली कुंदा,
न विचारता खुर्चीवर बसली.
"बारा सालात पयल्यांदा गिऱ्हाइकानं मले
नोटेबरोबर कागद देल्ला.
म्हटलं पाहून तं याव."
तपासून घेतलं, गोळ्या घेतल्या, पदराने तोंड पुसलं.
"एका चिठ्ठीनं काय होते वं?
आमच्या माडीवर अकरा जणी हाओत. गड्डीच दे."
असा नियम नाही.
मी गड्डी दिली.

दारात थांबली.
"अन् त्याच्या घरवालीले?"
ते त्याचं त्याने.
"त्याचं त्यानं केलं असतं
तं मी काहून आली असती इथं?"
आणि गेली, चपला वाजवत.
यानंतर काय झालं, कोण कोणाशी काय बोललं,
मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी सांगता आलं नसतं.

सोमवारी, खिडकी बंद होता होता,
हिरव्या काठाचं लुगडं, पिशवीत मेथी.
चिठ्ठी तिने पदराच्या गाठीतून सोडली.
"यायनं देल्ली. बोलले नाही काही.
तिकडं चहाच्या ठेल्यावर उभे हाएत, पाठ करून."
गोळ्या गिळल्या. मग हळूच,
"माह्यं काय चुकलं, बाई?"
काहीच नाही, म्हटलं.
रजिस्टरात या प्रश्नाला रकाना नाही.

जाताना दाराजवळच्या डब्यातून
निरोधची एक पुडी तिने उचलली.
दोन पावलं गेली. परत फिरली,
आणखी चार घेतल्या, मेथीखाली सरकवल्या.
शालिक तेवढा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता,
मागच्या वर्षीचं.